चिठ्ठीत लागलेला शेजार

लातुरात कुणालाही पत्ता विचारा, तो 'नगर' सांगेल. अमुक नगर, तमुक कॉलनी, मग 'पाण्याच्या टाकीजवळ' किंवा 'मारुतीच्या देवळामागं'. नांदेडलाही तेच. गल्ली सांगणारा भेटला की समजावं, हा जुन्या गावातला. लातूरचं जुनं गाव म्हणजे गंजगोलाई आणि तिच्या आसपासचा भाग. निजामाच्या काळात आखलेली ही गोल बाजारपेठ, मध्ये जगदंबेचं देऊळ आणि चहूबाजूंनी येऊन मिळणारे सोळा रस्ते. जुन्या गावातल्या गल्ल्यांना धंद्यांची नावं, जातींची नावं. नगरांना मात्र देवांची, संतांची आणि पुढाऱ्यांची. नुसता नावांचा फरक आहे असं वाटेल, पण माझं निम्म्याहून अधिक आयुष्य ज्या घरात गेलं त्या घराची सगळी गोष्ट या फरकातच आहे. अलीकडं ती गोष्ट सांगून ठेवावी असं फार वाटायला लागलंय. का, ते शेवटी येईलच.

माझं माहेर औसा तालुक्यातलं. घर माळवदाचं, सात खणांचं. आमच्याकडं घर किती मोठं हे चौरस फुटात सांगत नसत, खणात सांगत. दोन-अडीच हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, सागाच्या तुळया, त्यावर किलचन आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत शिरलं की माठात शिरल्यासारखं वाटायचं. उजेड यायचा तो माळवदाच्या सवण्यातून, तोही मोजून. दिवसाच्या कुठल्या वेळी तो उजेडाचा ठिपका जमिनीवर कुठं असतो, यावर माझी माय स्वयंपाकाचा अंदाज बांधायची.

पावसाळ्यात माळवद कुठंतरी गळायचंच. मग पावसाळ्याआधी दरवर्षी वर आणखी पांढरी माती टाकायची, तुडवून घट्ट करायची. आजोबांनी टाकली, वडिलांनी टाकली, पुढं भावानं टाकली. घर गळू नये म्हणून टाकलेली ती माती. तिचं ओझं वर किती साठलं हे कुणी कधी मोजलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्या गावात कुणी मोजत नव्हतं, कारण ती ठरलेलीच होती. घर कुणाचं कुठं असायचं हे जन्माबरोबर ठरायचं. वेशीच्या आत कोण, गावकुसाबाहेर कोण, पाणी वरच्या अंगानं कुणी भरायचं, खालच्या अंगानं कुणी, हे बदलायचं नाही. शेजार निवडायचा नसतो, तो वाडवडिलांनी दिलेला असतो. आणि घराच्या आतही तेच. ढाळजेत पुरुष, माजघरात बायका. ढाळजेतून रस्ता दिसायचा. मी पंधरा वर्षांची होईपर्यंत त्या ढाळजेत निवांत बसल्याचं मला आठवत नाही. मागच्या दारानं शाळेला जायचं, मागच्याच दारानं यायचं.

पुढं मी बी.ए. झाले, मराठवाडा विद्यापीठाची पदवी. शाळेत नोकरी लागली. लग्न होऊन लातूरला आले. जुन्या गावात दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. हे पंचायत समितीत लिपिक.

१९८२ साली उस्मानाबादेतून वेगळा होऊन लातूर जिल्हा झाला. आजच्या पोरांना यात काय एवढं, असं वाटेल. पण जिल्हा होणं म्हणजे कलेक्टर कचेरी आली, जिल्हा परिषद आली, कोर्ट आलं, पोलिसांचं मुख्यालय आलं. त्यांच्याबरोबर हजारो पगारदार माणसं आली आणि त्या सगळ्यांना घरं हवी होती. औसा रोड, अंबाजोगाई रोड, बार्शी रोड, नांदेड रोड, कुठल्याही रस्त्यानं जा, ज्वारीच्या रानांत चुन्याच्या फक्कीच्या रेघा दिसायच्या. काही लेआऊट रीतसर एन.ए. केलेले, काही नुसतेच गुंठ्यावर पाडलेले. त्या दुसऱ्या प्रकारच्या वस्त्या इतक्या वाढल्या की राज्य सरकारला २००१ साली गुंठेवारीचा स्वतंत्र कायदा करावा लागला. आमचं नशीब, आमचा लेआऊट पहिल्या प्रकारातला होता.

आम्ही शिक्षक आणि इतर नोकरदारांनी मिळून एक गृहनिर्माण संस्था काढली होती. सभासद मी. हे म्हणाले, "तुझ्या नावावर घेऊ, तुझी नोकरी पक्की आहे." माझ्या माहेरच्या सात खणांत बायकांच्या नावावर एक कोनाडाही नव्हता. ही गोष्ट यांनी सहज बोलून टाकली, मला मात्र ती दोन दिवस पचली नाही.

छप्पन्न प्लॉट, छप्पन्न सभासद. कोपऱ्याचा प्लॉट सगळ्यांनाच हवा, नाल्याकाठचा कुणालाच नको. म्हणून ठरलं, चिठ्ठ्या टाकायच्या. १९८४ सालच्या मे महिन्यात एका शाळेच्या वर्गात आम्ही जमलो. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या घातल्या आणि शिपायाच्या पाच वर्षांच्या मुलीकडून एकेक काढून घेतली. ती चिठ्ठी काढायची, कुणीतरी आकडा वाचायचा, चिटणीस वहीत लिहायचे. तासाभरात सगळं उरकलं. लिंबू सरबत पिऊन माणसं घरी गेली.

त्या तासाभरात काय झालं हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं असेल असं मला वाटत नाही. मला लागला एकतीस नंबर. डावीकडं तीस नंबरला सरकारी दवाखान्यातल्या एक नर्सबाई, बौद्ध. उजवीकडं बत्तीसला उर्दू शाळेचे मास्तर. समोर एक लिंगायत गुरुजी आणि त्यांच्या शेजारी एसटीचे कंडक्टर, मातंग समाजातले. मागच्या बाजूला एक ब्राह्मण कुटुंब, पोस्टातलं. माझ्या माहेरच्या गावात ही सहा घरं सहा दिशांना असती. एकमेकांच्या अंगणात ती कधीच आली नसती. इथं एका पाच वर्षांच्या पोरीच्या हातानं ती एका ओळीत आली.

हे कुणी समाजसुधारणा म्हणून केलं नव्हतं, एवढं मात्र सांगायला हवं. कोपऱ्याच्या प्लॉटवरून भांडणं नकोत, म्हणून केलं होतं.

घर बांधायला काढलं १९८६ मध्ये. लातूरची काळी माती ज्यांना ठाऊक आहे त्यांना पायाचं महत्त्व सांगायला नको. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट भिंत उभी केली की चार वर्षांत भिंतही भेगाळते. मिस्त्री म्हणाले, "बाई, पैसा वर दिसतो, पण घालायचा खाली." मुरूम लागेपर्यंत खणलं. निम्मी रक्कम जमिनीतच गेली. वर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढं ओटा. माझा एकच हट्ट होता, ओटा रस्त्याच्या बाजूला हवा आणि त्याला आडोसा नको. ढाळजेची राहून गेलेली हौस म्हणा.

राहायला गेलो तेव्हा कॉलनीत अकरा घरं उभी होती. रस्ता नाही, दिवे नाहीत, नळ नाही. पावसाळ्यात चप्पल हातात घेऊन औसा रोडपर्यंत जायचं आणि तिथं पाय धुऊन चप्पल घालायची. पाण्याला एक हातपंप. त्या हातपंपावर आमची कॉलनी झाली. तोवर ते नुसते प्लॉट होते.

हातपंपावर सुरुवातीला कुरकुर झालीच. आमच्या सासूबाईच आधी घागर धुऊन, मग दांडा धुऊन पाणी भरायच्या. नर्सबाईंना सगळे 'सिस्टर' म्हणायचे. एकदा त्या शांतपणे म्हणाल्या, "आजी, दांडा धुण्यात जेवढं पाणी जातंय तेवढ्यात माझा एक तांब्या भरतो." सासूबाई काही बोलल्या नाहीत. दोनेक वर्षांनी सासूबाईंना दम्याचा त्रास वाढला. रात्री-बेरात्री इंजेक्शन द्यायला सिस्टरशिवाय दुसरं कोण होतं? मग दांडा धुणं बंद झालं. त्यांचं मन बदललं की गरजेनं गप्प बसल्या, मला सांगता येणार नाही. पण दांडा धुणं बंद झालं, हे मी पाहिलेलं आहे.

रस्त्यासाठी अर्ज, दिव्यासाठी अर्ज, नळासाठी अर्ज. अर्ज लिहायला मी, सह्या गोळा करायला कंडक्टर भाऊ, कचेरीत ओळख काढायला पोस्टातले काका. उर्दू मास्तरांचं अक्षर सुंदर, म्हणून कॉलनीची पाटी त्यांनी रंगवली, मराठीत. जे आमच्याकडं नव्हतं, त्याच्या मागं धावण्यात आमची ओळख झाली.

माझी धाकटी बहीण नांदेडला दिलेली. तिला सिडकोत घर 'लागलं' होतं. तेही सोडतीतच. गोदावरीच्या दक्षिणेला सिडकोनं आणि हुडकोनं नवीन नांदेड वसवलं, तिथल्या बैठ्या घरांच्या ओळीत. मी सुट्टीत तिच्याकडं गेले की आम्ही दोघी घरांची तुलना करत बसायचो. तिचं घर सरकारनं बांधून दिलेलं, म्हणून सगळी ओळ एकसारखी. दहा वर्षांत मात्र एक घर दुसऱ्यासारखं उरलं नाही. कुणी पुढचा व्हरांडा बंद करून खोली काढली, कुणी त्या जागी किराणा दुकान थाटलं, कुणी वर मजला चढवला. ती म्हणायची, "ताई, आमच्या ओळीत बारा घरं, बारा गावची माणसं. पण भांडण झालं तर सगळी एकाच भाषेत भांडतात." कुणी कंधारचं, कुणी देगलूरचं, कुणी किनवटचं. नांदेड आणि वाघाळा मिळून १९९७ मध्ये महानगरपालिका झाली आणि तिचा तो पलीकडचा भाग आता शहराच्या पोटातच आलाय.

तिचं आणि माझं पाणीही नात्यातलंच. लातूरला पाणी देणारी मांजरा वाहत वाहत नांदेड जिल्ह्याच्या टोकाला, तेलंगणाच्या सीमेवर गोदावरीला मिळते. वर्गात भूगोल शिकवताना मी हे सांगायचे तेव्हा मला बहीणच आठवायची.

आणि मग १९९३.

२९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. कॉलनीचा गणपती बोळवून आम्ही उशिरा झोपलो होतो. पहाटे चार वाजायला चार मिनिटं होती. भांडी खाली पडली, खाट सरकली, दूरवरून मालगाडी यावी तसा आवाज आला. सगळे रस्त्यावर धावलो. आमच्या घराला एका खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेली, एवढंच. मुरुमात घातलेला पैसा मला तेव्हा दिसला.

सकाळी बातमी आली. किल्लारी. आमच्यापासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसं गेली. आमचं गाव किल्लारीच्या वाटेवरचं. पूर्ण नाही, पण निम्मं पडलं. आमच्या सात खणांतले चार खण खाली आले. माय अंगणात निजली होती म्हणून वाचली. काकू माजघरात होती.

पुढं तज्ज्ञ आले, त्यांनी कारणं सांगितली. भिंतींत गोटे दोन्ही बाजूंनी रचलेले आणि मध्ये नुसती माती. भिंतीच्या आरपार जाणारे दगड घातलेलेच नाहीत. त्यामुळं हादऱ्यानं भिंत उभी फाकली. आणि वर ते माळवद. पिढ्यान् पिढ्या टाकत आलेली माती. काकूला काढायला भावाला आणि गावातल्या पोरांना तीन तास लागले, ते त्या मातीमुळं. त्या दिवसापासून 'जुनं ते सोनं' हे वाक्य मी मुलांना निबंधात लिहू दिलं नाही. जुन्यात सोनंही असतं आणि ओझंही. वेळीच मोजून घ्यावं.

भूकंपानंतर आणखी एक गोष्ट पाहिली, ती मी विसरू शकत नाही. पुरत्या उद्ध्वस्त झालेल्या पन्नासच्या वर गावांचं दुसऱ्या जागी पुनर्वसन झालं. गावं नव्यानं आखली गेली. सरळ रस्ते, चौक, प्लॉट नंबर. लांबून पाहिलं तर आमच्या कॉलनीसारखीच. काळ्या रानात उभं राहिलेलं एक 'नगर' जणू. पण घरं द्यायचं माप होतं शेतीचं. ज्याला जमीन नाही किंवा एक हेक्टरपर्यंत आहे, त्याला अडीचशे चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला साडेचारशे. त्याच्या वर असेल त्याला साडेसातशे. ज्याचं जेवढं गेलं त्या मानानं द्यायचं, असा त्यामागचा विचार असणार आणि तो अगदीच चूक होता असं मी म्हणणार नाही. हजारो कुटुंबांना पक्कं घर मिळालं ही लहान गोष्ट नव्हे. पण काही गावांत मी पाहिलं, अडीचशेवाली घरं एका अंगाला आणि साडेसातशेवाली दुसऱ्या अंगाला. गावकूस पडलं होतं आणि नकाशावर ते पुन्हा उभं राहिलं होतं, या वेळी सिमेंटचं.

तेव्हा मला आमच्या स्टीलच्या डब्याची किंमत कळली. आखणी सरळ रेघांची असली म्हणून माणसं सरळ रेघेत येत नाहीत. चिठ्ठी कुणी काढली आणि ती उघडून बघण्याआधी कुणी नावं वाचली का, यावर सगळं अवलंबून असतं.

नव्वदच्या दशकानंतर आमच्या कॉलनीचं बरं चाललं. पगार वाढले. नळ आले, पण पाणी आठ-आठ दिवसांनी, म्हणून ज्यानं त्यानं बोअर घेतलं. आमचं पहिलं बोअर एकशेवीस फुटांवर लागलं. १९९९ मध्ये अडीचशेपर्यंत खाली गेलो, २०१३ मध्ये पाचशे. बोअर आलं तसा हातपंप गंजला. इन्व्हर्टर आले तशी लाइट गेल्यावर ओट्यावर येऊन बसायची गरज संपली. गाड्या आल्या, गेट आली, कंपाउंडची भिंत छातीवरून डोक्यापर्यंत गेली. कुणी कुणावर रागावलं नव्हतं. फक्त कुणाचं कुणावाचून अडेनासं झालं होतं.

आणि मुलं आली. लातूर पॅटर्नचं नाव महाराष्ट्रभर झालं, तशी बारावीची आणि मेडिकलची तयारी करणारी पोरं नांदेड, बीड, परभणी, सोलापूर, कुठून कुठून येऊ लागली. ट्यूशन एरियाच्या आसपासच्या कॉलन्यांत घराघरावर मजले चढले. आमच्याकडंही वरच्या खोल्यांत भाडेकरू, खाली मेस, कोपऱ्यावर अभ्यासिका. मूळच्या छप्पन्नांपैकी आज स्वतः राहणारी घरं जेमतेम वीस. बाकीची मुलं पुण्याला, मुंबईला, दोन अमेरिकेत. घरं विकली गेली आणि त्या जागी हॉस्टेलं झाली.

२०१६ चा उन्हाळा लातूरच्या माणसाला वेगळा सांगायला नको. मांजरा धरण कोरडं ठाक. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. ती बघायला स्टेशनवर लोक जमले होते. पाण्याचं स्वागत करायची वेळ आपल्यावर येईल, असं मला भूगोल शिकवताना कधी वाटलं नव्हतं. नांदेडहून बहिणीचा रोज फोन, "ताई, इकडं ये." तिथं तरी कुठं सुकाळ होता? पण बहिणीनं बोलवायचं असतं.

आमच्या ओळीतली सगळी बोअरं आटली. माझं पाचशे फुटांचं नुसती हवा सोडायला लागलं. चालू राहिलं एकच, तीस नंबरचं, सिस्टरचं. तेही तासाला दोन घागरी. पाणी कुठून येतं आणि शेजारच्या पाचशे फुटांवर का नाही, हे दगडाच्या भेगांनाच ठाऊक.

सिस्टर तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. त्यांनी दारात खुर्ची टाकली, वही घेतली आणि घरागणिक नाही, माणसागणिक पाणी वाटायला सुरुवात केली. माणशी अर्धी घागर. कुणीतरी म्हणालं, "सिस्टर, भाड्याच्या पोरांना कशाला मोजता? ती जातील आपापल्या गावी." त्या म्हणाल्या, "पेपर आहेत त्यांचे. तहान काय घरमालकालाच लागते का?" आणि त्यांनी हॉस्टेलातल्या पोरांची नावं वहीत घातली. कोण कुठला, हे त्यांनी विचारलं नाही. कोण किती, एवढंच विचारलं.

त्या रांगेत मी उभी होते. पुढं उर्दू मास्तरांचा नातू, मागं समोरच्या गुरुजींची सून. जवळपास तीस वर्षांपूर्वी ज्या दारातल्या बाईच्या हाताचा दांडा धुतला जायचा, त्या दारात अर्ध्या घागरीसाठी सगळी कॉलनी उभी. सिस्टरनी एका शब्दानंही ती आठवण काढली नाही. मी काढली असती का, कोण जाणे. त्याच वर्षी परतीच्या पावसानं मांजरा धरण भरलं. वही बंद झाली. नंतरच्या वर्षी छतांचं पाणी बोअरमध्ये सोडायची सोय आम्ही ओळीतल्या सात घरांनी मिळून केली. मिळून केलेलं ते शेवटचंच काम.

सिस्टर गेल्या, हेही गेले. त्याला आता काही वर्षं झाली. मी खाली राहते, वरच्या दोन खोल्या भाड्यानं देते. आणि आता जे सांगायचं होतं ते.

गेल्या वर्षी कॉलनीत बैठक झाली, देवळात. मुळातले काही जण होते, नवे घरमालक जास्त. विषय होता सुरक्षेचा, कॅमेऱ्यांचा आणि फाटकाचा. तो लवकर संपला. मग एकजण म्हणाले, "घर विकताना, भाड्यानं देताना आपल्यातलाच माणूस बघावा. लेखी नको, पण समजून घ्यावं." माना हलल्या. मी आपली विचारत राहिले, आपल्यातला म्हणजे कोण? कॉलनीतला? लातूरचा? मराठवाड्यातला? कुणी उत्तर देईना. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं आणि प्रत्येकाचं वेगळं होतं. म्हणून तर कुणी बोललं नाही.

त्यानंतर एजंट आला की पहिल्यासारखं बजेट विचारत नाही. "मॅडम, पार्टी चांगली आहे, नवरा-बायको दोघं नोकरीला, पण..." असं म्हणतो आणि 'पण'नंतर आडनाव सांगतो. नांदेडला बहिणीच्या ओळीतही हेच ऐकू येतं. ती म्हणते, "सोडतीत लागलेलं घर, आता निवडून द्यायचं म्हणे."

यंदा जूनमध्ये वरच्या खोलीसाठी दोन मुली आल्या, नीटची तयारी करणाऱ्या. एक मुखेडकडची, एक उदगीरची. मी माझ्या पद्धतीनं विचारलं. गाव कोणतं, वडिलांचा फोन काय, झोपता कधी, उठता कधी. नाव अर्थातच विचारलं, पण ते हजेरीपत्रकात लिहायला विचारतात तसं. आठ दिवसांनी दोघं जण भेटायला आले, आदरानंच. चहा घेतला. मग त्यातल्या एका मुलीच्या नावावर गाडी आली. "बाई, तुमचं वय झालंय, उगाच त्रास नको. दुसरी बघा ना, खूप मिळतील."

त्यातले एक गृहस्थ मूळ सभासदांपैकी, पस्तीस नंबरचे. मी त्यांना म्हटलं, "भाऊ, मला चिठ्ठीत तुम्ही लागलात तेव्हा मी तुमचं काही विचारलं नव्हतं. तुम्हीही माझं विचारलं नव्हतं. चाळीस वर्षं निभावलं की आपण."

ते हसले. म्हणाले, "तो काळ वेगळा होता."

काळ वेगळा नव्हता. तो काळ मी जगले आहे, तो आजच्यापेक्षा चांगला नव्हता. दांडा धुणारी माणसं त्याच काळातली. फरक एवढाच की तेव्हा आमच्याकडं निवडायची सोय नव्हती. नंबर लागला की राहायचं. राहिलं की पाण्याला एकत्र जायचं, आणि गेलं की हळूहळू माणूस दिसायचा. आता निवडायची सोय आहे, पैसा आहे, एजंट आहे. म्हणून आता जे करायचं ते समजून करावं लागेल. चिठ्ठी आपल्यासाठी ते काम करणार नाही.

मुली वर आहेत. रात्री दोनपर्यंत दिवा जळतो. पहाटे पंप सुरू करायचं काम त्यांनी आपणहून घेतलंय. मला जिना चढवत नाही, तर छतावरची पाण्याची वाट साफ ठेवायचंही त्यांनीच पाहिलं.

मुलगा पुण्याहून विचारतो, "आई, पुढं त्या घराचं काय करायचं?" त्याचं चुकत नाही, तो काही लातूरला परत येणार नाही. त्याला मी सांगून ठेवलंय आणि वकिलाकडच्या कागदातही लिहायला लावलंय. माझ्यामागं विकायचं तर खुशाल विक. किंमत तुझी तू ठरव, घासाघीस कर, हॉस्टेलवाल्याला द्यायचं तर तेही दे. एकच कर. घेणाऱ्याचे पैसे खरे आहेत की नाही ते बघ, आणि आडनाव खरेदीखतात येईल तेव्हा वाच. त्याआधी नको.

वकील म्हणाले, "बाई, असं लिहून कायद्यात काही बसत नाही."

म्हटलं, "नसेल बसत. त्याला वाचता येतंय, तेवढं पुरे."